पितिल्यानो: खाली उतरून बघायचं गाव

टस्कनी म्हटलं की सगळे फ्लॉरेन्स, पिसा, सिएना करून येतात आणि फोटोत ती सायप्रसची रांग असते. आम्हाला या वेळी ते नको होतं. सासरे बरोबर होते, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, आयुष्य धरणांच्या साइटवर गेलेलं, त्यांना म्युझियमच्या रांगेत उभं केलं की पाय दुखतात आणि डोंगरावर नेलं की दुखत नाहीत. म्हणून टस्कनीच्या पार दक्षिणेला, लाझिओच्या हद्दीला लागून असलेलं पितिल्यानो ठरवलं. मारेम्मा म्हणतात त्या भागाला, जिल्हा ग्रोसेतो. गाव लहान, चार हजारही वस्ती नाही, पण आजूबाजूला चालायच्या वाटा भरपूर आणि त्यातल्या बऱ्याचशा एट्रुस्कन लोकांनी खोदलेल्या, म्हणजे रोमन लोकांच्याही आधीच्या.

बुधवार

रोम एअरपोर्टवरून भाड्याची गाडी घेतली आणि आउरेलिया हायवेने समुद्राच्या बाजूने वर निघालो. मॅप सारखा मोन्ताल्तोवरून आत वळा म्हणत होता, तो रस्ता जवळचा आहे, पण आम्ही मुद्दाम आल्बिनियापर्यंत जाऊन मान्चानोमार्गे गेलो, कारण पितिल्यानोला पहिल्यांदा त्याच बाजूने पोचायचं असतं. मादोन्ना देल्ले ग्रात्सिए नावाच्या चर्चपाशी रस्ता वळतो आणि समोर एकदम अख्खं गाव येतं. दरी, दरीच्या पलीकडे तपकिरी कातळाचा लांब सुळका, आणि त्याच्या कडेला अगदी टोकापर्यंत घरं. कातळ म्हणजे तूफो, ज्वालामुखीच्या राखेचा दगड, तिकडे बोल्सेना सरोवराच्या बाजूला जे जुने ज्वालामुखी होते त्यांनी टाकलेला. घरंही त्याच दगडाची.

तिथे फोटो काढायला बऱ्याच गाड्या थांबतात आणि त्यातल्या निम्म्या तिथूनच परत फिरतात असं दिसलं. बाबा, म्हणजे सासरे, मात्र दुर्बीण काढून घरांच्या खाली बघत बसले. "अरे, ती खिडक्यांच्या खालची भोकं बघ, ती पण खिडक्याच आहेत. कड्यात दारं आहेत, कुलपं लावलेली." खरंच होती. कातळाच्या पोटात लाकडी दारं, गंजलेल्या जाळ्या, एका ठिकाणी तर पन्हाळीचा पाइपही बाहेर आलेला. नवरा म्हणाला उद्या बघू, आधी पार्किंग शोधू.

पार्किंगचं एक सांगते, जुन्या गावात गाडी नेता येत नाही, कॅमेरे असतात आणि दंड नंतर घरी येतो. बाहेर पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्यांच्या वाटेला जायचं नाही. आम्हाला पांढरी रेघ मिळाली पण तिथून बॅगा ओढत दगडी गल्लीतून जायचं म्हणजे चाकांचा असा आवाज की खिडकीतून दोन आज्ज्या बाहेर डोकावल्या. आमची घरमालकीण पण तशीच सत्तरीची, इंग्लिशचा एक शब्द नाही, मोबाइलवर भाषांतर करून बोलायची आणि भाषांतर चुकलं की स्वतःच हसायची. बाबांना तिने पहिल्या मिनिटाला खुर्ची दिली आणि मला जिना दाखवला.

रात्री जेवायला तोर्तेल्ली मारेम्मानी, म्हणजे पालक आणि रिकोट्टा भरलेले मोठे चौकोनी पास्त्याचे तुकडे, वर लोणी आणि सेजची पानं. शाकाहारी माणसाची सोय इथे चांगली होते, कारण मुळात हा गरिबांचा भाग होता, मलेरियाचा, दलदलीचा, मेंढपाळांचा. आक्वाकोत्ता म्हणून एक सूप मिळतं, कांदा, सेलरी, टोमॅटो, खाली शिळा पाव आणि वर एक अंडं फोडलेलं. बाबा अंडं खात नाहीत, त्यांनी नुसतं पाणी-कांदा-पाव मागितलं तर वेटरला फार वाईट वाटलं. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, ते टेबलाचे आणि पावाचे, ती फसवणूक नाही, सगळीकडे असतं.

गुरुवार

सकाळी गाव. गाव म्हणजे तीन लांब गल्ल्या आणि त्यांना जोडणाऱ्या असंख्य बोळी, हरवायला वेळ लागत नाही आणि सापडायलाही नाही, कारण कुठल्याही बोळीच्या टोकाला कठडा आणि खाली दरी. गावाच्या तोंडाशीच मोठे कमानींचे पाट दिसतात, ती पाणी आणायची सोय. काम ओर्सिनी सरदारांनी १५४५ च्या सुमारास काढलं आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने १६३९ मध्ये पुरं केलं. दोन मोठ्या कमानी आणि तेरा लहान. इथे आमचा अर्धा तास गेला. बाबा भिंतीच्या कडेकडेने चालत ढाळ किती असेल याचा अंदाज घेत होते. "काम काढलं एका पिढीने, पुरं केलं चौथीने. आमच्या खात्यासारखंच." पुढे चौकात सात तोट्यांचं कारंजं आहे, पाणी पूर्वी तिथे पडायचं.

ओर्सिनींचा वाडा त्याच चौकात. आधी इथे आल्दोब्रांदेस्की घराणं होतं, १२९३ मध्ये त्यांच्या नातीचं लग्न रोमानो ओर्सिनीशी झालं आणि जहागीर हुंड्यासारखी तिकडे गेली. आत धार्मिक चित्रं, मूर्ती, चांदीची भांडी. तासाभरात उरकलं. बाहेरचा चौक आतल्या खोल्यांपेक्षा छान आहे.

खरी जागा म्हणजे ज्यू वस्ती. व्हिया त्सुक्कारेल्लीवरून खाली उतरायचं. पितिल्यानोला छोटं जेरुसलेम म्हणतात आणि त्याचं कारण भूगोल आहे. १५५५ मध्ये पोपने आपल्या राज्यातल्या ज्यूंवर कडक निर्बंध घातले आणि १५६९ मध्ये रोम आणि आन्कोना सोडून बाकीच्या गावांतून त्यांना हाकललं. पितिल्यानो पोपच्या हद्दीला चिकटून, पण मालकी ओर्सिनींची. मग माणसं हद्द ओलांडून इथे आली. ओर्सिनींच्या पदरी दावीद दे पोमिस नावाचा ज्यू वैद्य होता, त्याच्या बायकोला पुरायला सरदाराने गावाखालची जागा दिली, तीच पुढे ज्यूंची दफनभूमी झाली असं सांगतात. १५९८ मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. पुढे मेदिची आले आणि त्यांनी १६२२ मध्ये घेट्टो केला, म्हणजे ठरावीक गल्ल्यांतच राहायचं. तरीही वस्ती टिकली, वाढली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गावातले साधारण दहा टक्के लोक ज्यू होते. सिनेगॉग १९६० च्या दशकात ढासळलं आणि १९९५ मध्ये पुन्हा उभं केलं. आत लहानसं आहे, झुंबरं, लाकूडकाम, बायकांसाठी जाळीआडची जागा. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, बघितलेल्या माणसाला हे खोलीएवढं वाटेल.

पण सिनेगॉगच्या खाली उतरलं की कळतं. तिकिटाबरोबर कागद देतात आणि मग आपण जिन्याने कातळात उतरत जातो. स्नानाचा कुंड, चामडं-कापड रंगवायची जागा, खाटकाची खोली, वाइनचं तळघर, आणि पासओव्हरच्या सणाला बिनखमिराच्या भाकऱ्या भाजायची भट्टी. सगळं कोरलेलं, बांधलेलं काहीच नाही. भट्टी १९३९ पर्यंत चालू होती. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशाचे कायदे आणले, त्यानंतर ज्यांना जाता आलं ते गेले. जर्मन आल्यावर जे राहिले त्यांना आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मळ्यांवर, गुहांत लपवलं. आज गावात ज्यू जवळपास नाहीत, पण बेकरीत स्फ्रात्ती मिळतात. बोटाएवढ्या जाड लांब काठीसारखं बिस्कीट, पातळ पारीत मध, अक्रोड आणि संत्र्याची साल. घेट्टोत जायचा हुकूम आला तेव्हा शिपाई दारावर काठ्या आपटत फिरले, म्हणून मिठाईला काठीचा आकार. मी दोन पाकिटं घेतली, एक रात्रीपर्यंत संपलं.

संध्याकाळी घरमालकिणीने आमचं तळघर दाखवलं, मी विचारलंच होतं. स्वयंपाकघराच्या मागे एक दार, मला वाटलं होतं फडताळ. आत दिवा लावला तर खाली पायऱ्या. एकवीस-बावीस पायऱ्या उतरल्यावर एक लांब खोली, तिच्या टोकाला आणखी पायऱ्या, आणखी खोली. हवा गार, एप्रिलमध्ये स्वेटर घालावासा वाटला. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं बघितली होती, तसंच डोकं, जमीन कोरायला बरी आहे तर वर कशाला बांधा. भिंतीवर टिकावाचे तिरपे घाव अगदी एकसारखे, बोट फिरवलं तर खरबरीत लागतात, आणि छताला एक चौकोनी भोक, वरच्या गल्लीत उघडणारं, तिथून द्राक्षं थेट खाली हौदात टाकायची. हौद पण कोरलेला, तळाला एक नाळ, तिच्यातून रस खालच्या खोलीत पिंपात. म्हणजे पंप नाही, उचलणं नाही, सगळं उतारावर. बाबांनी नाळेत तोंड घालून बघितलं. आता तिथे सायकल, नाताळचं झाड आणि टोमॅटोच्या बाटल्या आहेत. गावाखाली अशी तळघरं घरोघरी आहेत, काही एकमेकांना लागून, काही थडगी होती ती वाढवून केलेली. वाइन म्हणजे इथली पांढरी, ब्यांको दि पितिल्यानो. नवऱ्याला आवडली, मला ठीक वाटली.

शुक्रवार

या दिवसासाठी आलो होतो. पितिल्यानो ते सोवाना चालत, व्हिया कावामधून.

व्हिया कावा म्हणजे तूफोच्या पठारात वरून खाली कापलेली वाट. दोन-तीन मीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, काही ठिकाणी वीस मीटरच्याही वर. पितिल्यानो, सोवाना आणि सोरानो या तीन गावांच्या भोवती अशा बऱ्याच आहेत. एट्रुस्कनांनी खोदल्या हे बहुतेक सगळे मानतात, पण एवढं खोल का, यावर एकमत नाही. कोणी म्हणतं थडग्यांकडे जायच्या धार्मिक मिरवणुकीच्या वाटा, कोणी म्हणतं संरक्षणासाठी, कोणी म्हणतं पठारावरून नदीपर्यंत गाडी उतरवायची तर कडा कापावाच लागतो. बाबांनी आदल्या रात्रीच निकाल देऊन टाकला होता. ते नाणेघाट तीनचारदा उतरलेत. "एवढा दगड माणूस देवासाठी फोडत नाही. व्यापारासाठी फोडतो. नाणेघाटात काय झालं? जकात घ्यायचे तिथे." नवरा म्हणाला देवासाठीच तर वेरूळ फोडलं. त्यावर बाबा गप्प झाले, पण दहाच मिनिटं.

गावाच्या शेपटीच्या टोकाला कापिसोत्तो म्हणून सगळ्यात जुना भाग आहे, तिथल्या पोर्ता दि सोवाना दरवाजातून बाहेर पडायचं. दरवाजाला लागून एट्रुस्कन तटाचे दगड अजून आहेत, चुना न घालता रचलेले मोठे चिरे. तिथून पायवाट सरळ खाली मेलेता ओढ्यापर्यंत उतरते, वाटेत लोकांच्या वाड्या, कोंबड्या, आणि कड्यात कोरलेली गाढवांची गोठ्यासारखी खोपटी जिथे आता मोटारसायकली लावतात. ओढा ओलांडला की फोंताना देल्ल'ओल्मो नावाचा जुना झरा लागतो आणि मग सुरू होते व्हिया कावा दि सान ज्युझेप्पे.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आवाज बंद. बाहेर पक्षी, ट्रॅक्टर, सगळं होतं, आत शिरलो आणि फक्त आमच्या बुटांचा आवाज. दुसरी म्हणजे ओल. भिंतीवर शेवाळ, नेचे, तो काळ्या देठाचा हंसराज जो आपल्याकडे विहिरीत उगवतो तो इथे हातभर लोंबतोय. वर बघितलं तर आकाशाची पट्टी आणि तीसुद्धा ओकच्या फांद्यांनी निम्मी झाकलेली. पायाखाली काही ठिकाणी मध्ययुगात घातलेली फरसबंदी, काही ठिकाणी नुसता कातळ, गुळगुळीत, पावसानंतर घसरडा. ट्रेकिंगचे बूट घाला, स्पोर्ट्स शूज घालून आलेल्या एका ग्रुपची कसरत आम्ही पाहिली.

भिंतीत मध्येच एक कोनाडा येतो, आत मादोन्नाचं, म्हणजे मेरीचं, पुसट चित्र. अशा कोनाड्यांना स्काच्यादियावोली म्हणतात. मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांना या अंधाऱ्या, थडग्यांनी भरलेल्या वाटांची भीती वाटायची, म्हणून भूत पळवायला देव बसवला. कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. १९ मार्चला, सान ज्युझेप्पेच्या दिवशी, गावातली तरुण मंडळी याच वाटेतून रात्री पेटती वेताची मशाल घेऊन वर चढतात आणि चौकात हिवाळ्याचा मोठा पुतळा जाळतात. महिनाभर आधी आलो असतो तर बघायला मिळालं असतं.

बाबा इकडे भिंती बघत होते. एक गोष्ट त्यांनी दाखवली ती मला एकटीला दिसली नसती. टिकावाचे घाव सगळीकडे सारखे नाहीत. अगदी वर, हाताच्या कितीतरी वर, एक पट्टा झिजलेला, गोलसर, त्याच्या खाली वेगळ्या तिरकसपणाचे घाव, मग खाली आणखी वेगळे, जास्त धारदार. आणि तळाला एका कडेने पाणी जायला चर. "तूफो मऊ. गाड्यांची चाकं लागून तळ झिजतो, पाणी साचतं, मग चर काढायचा, चर काढला की वाट वाकडी, मग अख्खा तळ सपाट करायचा. पुढच्या पिढीला परत तेच. असं पाच-सातशे वर्षं केलं की वीस मीटर. कोणी एकदम एवढं खोल ठरवून खोदलेलं नाही, हे मेन्टेनन्सचं काम आहे." नवरा म्हणाला बाबा तुम्हाला सगळीकडे मेन्टेनन्सच दिसतं. पण खरं सांगायचं तर हा तर्क इथल्या अभ्यासकांमध्येही आहे, बाबांनी तो स्वतः काढला एवढंच.

वर पठारावर आलो की एकदम ऊन. द्राक्षाचे मळे, ऑलिव्ह, मेंढ्या, लाल पॉपी नुकत्या फुललेल्या. खुणा लाल-पांढऱ्या रंगाच्या, खांबावर आणि दगडावर, नीट लक्ष ठेवलं की वाट चुकत नाही. मधला काही भाग डांबरी रस्त्याने आहे, तो कंटाळवाणा, शिवाय एका मळ्यातली दोन मेंढपाळी कुत्री बराच वेळ भुंकत मागे आली. ती मारेम्माची पांढरी मोठी कुत्री असतात, मेंढ्यांमध्ये शिरायचं नाही, लांबून वळसा घालायचा, काठी उगारायची नाही. सगळं मिळून साताठ किलोमीटर आहे, आम्ही रमतगमत, बाबांच्या भिंत-तपासणीसकट, तीन तास घेतले.

सोवाना म्हणजे एकच रस्ता. एका टोकाला आल्दोब्रांदेस्कींच्या किल्ल्याचे अवशेष, दुसऱ्या टोकाला कॅथेड्रल, मध्ये विटांची तिरपी नक्षी घातलेला चौक. या एवढ्याशा गावाने पोप दिला, सातवा ग्रेगरी, मूळ नाव इल्देब्रांदो. ज्याच्यासमोर १०७७ मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री कानोस्साच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस माफीसाठी उभा राहिला तोच. सान्ता मारिया चर्चमध्ये एक दगडी छत्री आहे वेदीवर, चार खांबांवर, वेली आणि मोर कोरलेले, आठव्या-नवव्या शतकातली. अंधार असतो, डोळे सरावले की दिसते. चौकात बसून चीज, पाव आणि तळलेलं आर्टिचोक खाल्लं.

थडगी गावाबाहेर दीडएक किलोमीटरवर आहेत, तिकीट आहे. सगळ्यात मोठं इल्देब्रान्दा, पोपचं नाव दिलेलं पण पोपच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचं, साधारण इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातलं. कातळ कोरून देवळाचं रूप दिलंय, पुढे सहा खांब होते, आता पूर्ण उंचीचा एकच उरलाय. प्रेत मात्र वरच्या देवळात नाही, खाली लांब उतरत्या वाटेने गेलेल्या साध्या खोलीत. शेजारीच २००४ मध्ये सापडलेलं पंखवाल्या राक्षसांचं थडगं आहे, आडव्या पडलेल्या माणसाची मूर्ती, वर शेपटीची समुद्री राक्षसी. लोक तिथून पटकन पुढे जातात, आम्ही पण गेलो, कारण पुढे कावोने.

कावोने हा सोवानाचा सगळ्यात दांडगा व्हिया कावा. जुना रस्ताच तो, शतकानुशतकं वापरात. आणि त्याच्या भिंतीवर, हात काय काठीही पोचणार नाही एवढ्या उंचीवर, एट्रुस्कन अक्षरं आणि त्यांच्याजवळ स्वस्तिक. तिथल्या माहितीनुसार सूर्याचं चिन्ह. आमच्यापुढे एक जर्मन जोडपं होतं, ते जरा अवघडून पुढे सरकले, बाबांनी मात्र सवयीने हात जोडले आणि लगेच म्हणाले, "बघ. एवढ्या उंचावर कोण शिडी लावून लिहिणार? लिहिलं तेव्हा तळ तिथे होता." नवऱ्याने त्यावर वाद घातला नाही. मला वाटतं मुद्दा बाबांचाच होता, पण मिरवणुकीच्या बाजूनेही एक आहे, वाट थडग्यांच्या मधूनच का जाते. तेव्हा थडगी रस्त्याकडेलाच बांधायचे हे त्याचं उत्तर, आणि ते उत्तर बाबांनी गाडीत बसल्यावर दिलं.

गाडीत म्हणजे, परत चालत यायचं त्राण नव्हतं. बस दिवसातून मोजक्या, टॅक्सी नावापुरती. चौकातल्या बारवाल्याने कुणाला तरी फोन केला आणि एक काका जुन्या फियाटमधून आले, मागच्या सीटवर खताची पिशवी.

शनिवार

२५ एप्रिल, लिबरेशन डे, अख्ख्या इटलीला सुट्टी. शनिवार असल्यामुळे सिनेगॉगही बंद, गुरुवारी उरकलं ते बरं झालं. सातुर्नियाला गेलो. गंधकाच्या गरम पाण्याचा झरा, साधारण ३७ अंशाचा, आणि एका जुन्या पाणचक्कीखाली त्याचे पांढऱ्या चुनखडीचे कुंड झालेत. प्रवेश फुकट, म्हणून सगळं जग तिथे. सकाळी सातच्या आत पोचलो तेव्हा वाफ होती आणि जागा होती. नऊ वाजता कुंडात माणसाला माणूस. चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात. वास अंड्याचा आणि तो टॉवेलमधून अजून गेलेला नाही. बाबा गुडघ्यापर्यंत पाणी घेऊन काठावर बसले, वज्रेश्वरीचं पाणी जास्त गरम असतं म्हणाले. दुपारी झोप.

रविवार

सकाळी गावाबाहेरचं ओपन-एअर म्युझियम, आल्बेर्तो मान्त्सी यांच्या नावाचं. हे गृहस्थ शाळामास्तर, १९६० च्या दशकात टीव्हीवरून प्रौढ निरक्षरांना वाचायला-लिहायला शिकवायचे आणि इटलीत लाखो लोक त्यांच्यामुळे अक्षर ओळखायला लागले. शेवटी ते पितिल्यानोचे महापौर झाले आणि १९९७ मध्ये इथेच वारले. म्युझियममध्ये एक एट्रुस्कन घर उभं करून दाखवलंय, कुडाच्या भिंती, चूल, माग, आणि तिथून ग्रादोने नावाच्या व्हिया कावाने खाली थडग्यांकडे जायचं. मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करा, नंतर बाकीचं सगळं कळतं.

मग सोरानो. पितिल्यानोइतकं आखीव नाही, जास्त पडझड, दरडी कोसळून लोक गाव सोडून गेलेले, पण म्हणूनच गर्दी कमी. वर ओर्सिनींचा किल्ला, सोळाव्या शतकाच्या मध्यात तोफांच्या काळासाठी नव्याने बांधलेला, तिरप्या भिंतींचे बुरूज आणि आत भुयारं. गाइडबरोबरच भुयारात जाता येतं, तो इटालियनमध्ये बोलतो, पण भिंतीतून भिंतीत जाणाऱ्या वाटा बघायला भाषा लागत नाही.

दुपारी वितोत्सा. सोरानोजवळ सान क्विरिको म्हणून गाव आहे, तिथे गाडी लावून चालायचं. जंगलात दोनशेच्या आसपास गुहा, म्हणजे एक अख्खं गाव होतं, किल्ले होते, चर्च होतं आणि माणसं अठराव्या शतकापर्यंत तिथे राहत होती. शेवटची म्हणून रिच्चा नावाच्या बाईचं नाव सांगतात, १७८३ पर्यंत राहिली. तिची म्हणून दाखवतात ती गुहा बघितली. दोन खोल्या, एकीत गव्हाण कोरलेली, जनावराला दोरी बांधायला दगडातच भोक पाडलेली कडी, आणि त्या कडीच्या आतल्या बाजूला दोरीने पडलेली खोबण, करंगळी बसेल एवढी. धूर जायला छतात झरोका, त्याच्या कडा अजून काळ्या. कबुतरांची गुहा वेगळी, भिंतभर छोटे चौकोनी कोनाडे, शेकड्याने. खाली उतरून गेलं की लेन्ते नदीचा उगम, तीच नदी पितिल्यानोच्या पायथ्याशी येते. चढून परत यायला दम लागला. वाटेत माणूस म्हणून कोणी भेटलं नाही, रानडुकरांनी उकरलेली माती तेवढी जागोजाग.

सोमवार

निघायचा दिवस. घरमालकिणीने टोमॅटोची एक बाटली दिली, तीच तळघरातली, आणि नवऱ्याने ती विमानात कशी न्यायची यावर सकाळ घालवली.

जाणाऱ्यांसाठी: गाडी नसेल तर ट्रेनने ओर्बेतेल्लो किंवा ग्रोसेतोपर्यंत येऊन तिथून बस, पण रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. दुपारी एक ते चार सगळं बंद, जेवण एकच्या आधी ठरवा. पाऊस पडून गेला असेल तर वाटेला लागण्याआधी टुरिस्ट ऑफिसात विचारा, दरड पडली की व्हिया कावा बंद करतात आणि तसा बोर्ड दिसला तर आत जायचं नाही, दगड वरून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर सावली नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. आणि शक्य असेल तर मार्चच्या १९ तारखेला धरून या, आमच्या घरमालकिणीकडे त्या दिवसाचं बुकिंग वर्षभर आधी होतं, बाबांनी विचारून ठेवलंय.